शिदोरी बांधलेला प्रोग्राम

"आत्या, आधी फोन ठेव. तुझा आवाज दवाखान्यात कसा पोचला ते मी नंतर सांगते."

"अगं, माझी जाऊ तिथं बसलीय! म्हणते, भिंतीतनं तूच खेकसतेयस. 'ए, पुढचा कोण? ऊठ की लवकर!' चारचौघांत शोभा केलीस माझी."

"ठेव गं बाई!"

भिंगरीनं फोन पिशवीत कोंबला आणि चपला अडकवून जिना उतरली. अर्ध्या जिन्यावरनं माघारी आली, कुलूप ओढून बघितलं, पुन्हा उतरली. भिंगरी हे तिचं घरातलं नाव, आणि ते कुणी उगाच ठेवलं नव्हतं. जेवतानाही तिचा एक पाय उंबऱ्याबाहेर असायचा. अशा बाईनं चांगली नोकरी सोडून स्वतःच्या हिमतीवर प्रोग्राम लिहायचा धंदा मांडला होता, आणि डोळ्यांच्या दवाखान्यातलं हे पहिलंच काम. रुग्णांचे नंबर पुकारायचे आणि कुणी कुठल्या खोलीत जायचं ते सांगायचं. ते हातचं गेलं असतं, तर पुढं तिला दारात कोण उभं करणार होतं?

दवाखान्यात नुसता गोंधळ. डोळ्यांत थेंब घातलेल्या माणसांना पाटी दिसत नाही, ती बिचारी कानावरच चालतात. आणि सकाळपासून आत्या एकूणएक माणसाला पहिल्या खोलीत धाडत होती. तिसऱ्या खोलीतला डॉक्टर रिकामा बसलेला, पहिलीच्या दारात झुंबड. एक म्हातारा चाचपडत भलत्याच दारानं शिरला, तो थेट झाडूबादल्यांत.

"दुपारपर्यंत सरळ करा," मोठ्या डॉक्टरीणबाई चष्म्यावरनं बघत म्हणाल्या. "नाहीतर बंद करा. शिपाईमामा ओरडतील पूर्वीसारखे."

"घसा तयारच आहे आपला," मामा म्हणाले.

भिंगरी खुर्चीच्या कडेवर टेकली. घोटाळा काय झालाय ते तिला कळलं होतं, का झालाय ते कळत नव्हतं. प्रोग्राम उठला की आधी सेटिंगची फाईल वाचतो. कुठला नंबर कुठल्या खोलीत, कुणाचा आवाज लावायचा, सगळं त्या फाईलीत. ती फाईल आणि आवाजांचं फोल्डर प्रोग्रामच्या शेजारीच ठेवलेलं. पण तिला अर्ध्यात मान टाकणाऱ्या प्रोग्रामांची भारी चीड. म्हणून तिनं याच्या पोटातच एक शिदोरी बांधून दिली होती. बाहेर फाईल मिळाली नाही, तर उपाशी राहू नकोस, ही खा. घरी चाचणी घेताना हाताशी आत्या होती, तिचाच आवाज भरला. खोलीही एकच लिहिली. कामापुरतं आहे, नंतर काढू, असं म्हणाली आणि विसरली.

म्हणजे आज पठ्ठ्या शिदोरी खात होता. पण बाहेरचं ताट तर वाढलेलं! फाईल जागेवर होती. तिनं फोल्डर उघडून स्वतःच्या हातानं प्रोग्राम चालू केला, तर नीट चालला. शांत आवाज, बरोबर खोली.

"मामा, तुम्ही सकाळी काय दाबलंत?"

"आलं का माझ्यावर? माझ्या हाताला काय वीज आहे?"

"तसं नाही हो. सकाळी केलंत तसंच करून दाखवा."

मामांनी फुरंगटून कॉम्प्युटर बंद केला, भिंतीवरचं बटण दाबलं आणि हाताची घडी घालून उभे राहिले.

"पुढं?"

"पुढं काय? तो आपला आपण उठतो. काल भिंतीत स्पीकर बसवायला आलेल्या तुमच्या त्या वायरवाल्यानंच तशी सोय करून दिली."

"ए, पुढचा कोण?" आत्या भिंतीतनं कडाडली. बाकावरची माणसं दचकून उठली.

भिंगरीनं कपाळ धरलं. फाईल कुठं शोधायची ते तिनं प्रोग्रामला सांगितलं होतं, 'इथंच बघ.' पण प्रोग्रामला 'इथं' म्हणजे स्वतःचं घर वाटत नाही. जिथनं त्याला हाक मारली, ती जागा वाटते. ती हाक मारायची त्याच्याच अंगणातनं, म्हणून कधी चुकलं नाही. आता कॉम्प्युटर हाक मारत होता भलत्याच गल्लीतनं, आणि हा तिथं फाईल हुडकत होता.

दुरुस्ती एका ओळीची. आधी आपलं घर कुठं ते विचार, मग त्याच्या शेजारी बघ. मामांनी पुन्हा बटण दाबलं. शांत आवाजानं थेंबवाल्या बाईंना तिसऱ्या खोलीत धाडलं.

उठून जायला हरकत नव्हती. पण भिंगरी बसूनच राहिली. शिदोरी अजून पोटात होती. उद्या कुणी फाईलच पुसली, तर हा पुन्हा गुपचूप खाणार आणि माणसं झाडूबादल्यांत जाणार. तिनं दात खाऊन शिदोरी उपसली. मग मुद्दाम फाईल दुसरीकडं हलवली आणि प्रोग्राम चालू केला. पडदा लालभडक झाला. कुठली फाईल सापडली नाही आणि कुठं शोधली, तेवढं लिहून प्रोग्राम गप्प उभा राहिला.

"अहो, हा तर बंदच पडला!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पाडलाय मी. फाईल नसेल तर पडू दे. पडला की दिसतं तरी. खोटं बोलत राहिला तर म्हातारा धडपडेपर्यंत कुणाला पत्ता नाही."

"आणि तेवढ्यात माझे रुग्ण?"

"तेवढ्यापुरते मामा ओरडतील."

बाईंनी लाल पडद्याकडं बघितलं, मग बाहेरच्या बाकाकडं. "राहू दे. पण लाल झाल्यावर फोन केला, की यायचं. सबबी नकोत."

"येते."

भिंगरीनं फाईल जागेवर ठेवली, बटणापासनं सगळं पुन्हा करायला लावलं. मामा वैतागले. "अहो, झालं की आता!"

"झालं," ती म्हणाली खरी, पण पिशवीतनं आपला कॉम्प्युटर काढून तिथंच बाकाच्या टोकाला बसली. शाळेच्या घंटेचा दुसरा प्रोग्राम अर्धा लिहून झाला होता. तिनं तो उघडला, 'इथंच बघ' कुठंकुठं लिहिलंय ते शोधलं आणि पहिली ओळ खोडली.