उष्टी जास्वंद

गोवा राज्य झालं त्या उन्हाळ्यात डिचोलीकडे घराघरांत मराठी-कोंकणीवरून तोंडं फुगलेली होती. आमच्याकडे फुगली ती जास्वंदीवरून.

थोरली बहीण बाळंतपणाला माहेरी आली होती. आधी एकदा तिचं पोट पडलेलं, म्हणून आईने नवस बोललेला: ती सुखरूप मोकळी होईपर्यंत गणपतीला रोज जास्वंदीचा हार. त्यात आई सोवळ्याची भारी कडक. पाखराने चोच लावलेलं फूल तिच्या लेखी उष्टं. म्हणून ऊन कललं की ती कुंपणावरच्या झाडून साऱ्या कळ्या खुडायची आणि ओल्या फडक्यात ठेवायची. सकाळी त्या देवघरातच उमलायच्या.

नेमकं तेव्हाच पडवीतल्या कपड्यांच्या दोरीला एका शिंजिरीने घरटं बांधलं. पूर्वी या पाखरांना फुलांतल्या मधासाठी मागच्या डोंगरावर पांगारा होता, सावर होती. तो डोंगर झाडांसकट खाणीने खाल्ला, आणि आता त्यांची सगळी भिस्त आमच्या कुंपणावर. सकाळी ती एवढीशी मादी बोडक्या जास्वंदीवर फडफडायची, मग कुठेतरी लांब उडून जायची. घरट्यात दोन चोची उघड्याच्या उघड्या. बहीण समोर बसून बघत राही. मला तर आईचा रागच येई.

एका सकाळी एक पिल्लू खाली मरून पडलेलं दिसलं. बहीण दिवसभर जेवली नाही. संध्याकाळी आईने परडी उचलली तशी ती म्हणाली, "आये, कळयो काडू नाका गो. तिच्याच पोटात काय नाय, ती पोरांक काय घालतली?"

"आनी तुजा कितें? हार तुज्याखातीरच मगे?" आईने विचारलं.

"म्हणूनच सांगतंय. दुसऱ्या आवयचा पोर मारून माका पोर नाका."

शिंजिरीलाही आवय, म्हणजे आई, म्हटलेलं ऐकून आई कुंपणापर्यंत गेली आणि रिकाम्या परडीने आत आली.

सकाळी कुंपण लालभडक झालं होतं. शिंजीर फुलाफुलांत चोच खुपसत हिंडत होती. तिचं आटपेपर्यंत आई अंघोळ करून ओलेत्याने थांबली. मग तीच फुलं खुडून देवापुढे ठेवली. "देवा, उष्टीं आसत," ती मोठ्याने म्हणाली, "पण आवयचीं आसत."

उरलेलं पिल्लू उडालं, आणि बहिणीलाही मुलगी झाली. घरटं रिकामं झालं तरी आईने ती दोरी कुणाला सोडू दिली नाही. बाळाची लंगोटं वाळत घालायला वडिलांना दुसरी बांधावी लागली.