निळ्या दारापुढचा फोटो

शिकवायचं सोडून बाईंनी काय काय मोजावं याला आमच्याकडे अंत नाही. माणसं मोजा, म्हशी मोजा, संडास मोजा. त्या वर्षी घरकुलासाठी घरोघरचा सर्व्हे निघाला आणि तोही शाळेच्याच गळ्यात पडला. मी नांदेडहून रोज अप-डाऊन करणारी. शाळा सुटली की मोबाइल घेऊन गल्लीबोळ पालथे घालायचे. घरात माणसं किती, कामधंदा काय, शिकलेलं कोण, भिंती कशाच्या, असं विचारून ॲपमध्ये भरायचं आणि शेवटी घराच्या दारात उभं करून फोटो काढायचा.

गावाच्या टोकाला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची आई राहायची. नवरा वारलेला. अर्धापूरकडच्या मळ्यांतून केळीचे घड डोक्यावर वाहून ट्रकपर्यंत आणायचे, हे तिचं काम. लेक बारावीला, एसटीनं कॉलेजला जाणारी. दोघींत मिळून एक खोली. तीन बाजूंना मातीच्या भिंती, चौथीकडे पत्रा उभा केलेला, वरही पत्राच. उन्हाळ्यात आत भाजून निघायचं म्हणून लेक पुस्तक घेऊन लिंबाखाली बसायची. गावात घरकुल आधी कुणाला मिळावं हे कळायला सर्व्हेची काही गरजच नव्हती.

मी येणार हे त्या बाईला आदल्या दिवशीच कळलं होतं. तिनं अंगण सारवलं, रांगोळी काढली, शेजारच्या जावेकडून खुर्ची मागून आणली आणि लग्नाकार्यात नेसायची मोरपंखी साडी नेसली. चहा झाला, रकाने भरून झाले. कामाच्या रकान्यात मी मजुरी भरली तेव्हा तिनं विचारलं, "केळीचं लिव्हलं का म्याडम?" ॲपमध्ये केळी नव्हती. भिंतींपुढे मी माती लिहिलं.

फोटोला मात्र ती स्वतःच्या दारात उभी राहीना.

"इथं नका घेऊ. वर साहेब लोक बघतेत, पत्रा दिसून राहिला सगळा. जावेच्या दारात घ्या, तिथं लई चांगला येतो."

जावेचं घर स्लॅबचं. ग्रील, निळा ऑइलपेंट मारलेलं दार. ती तिथं जाऊन उभी राहिली, पदर सारखा केला आणि हसली. मी तिला परत बोलवायला हवं होतं. पण मला साडेपाचची एसटी गाठायची होती, आणि खरं सांगायचं तर ती तिथं इतकी छान दिसत होती की मला ते जिवावर आलं. मी बटण दाबलं.

काही महिन्यांनी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर यादी लागली. तिच्या नावापुढं अपात्र. कारण, पक्के घर.

मी कार्यालयात गेले. तिथल्या बाबूनं स्क्रीन माझ्याकडं वळवली. निळं दार, मोरपंखी साडी, ते हसू.

"हे घर तिचं नाही," मी म्हणाले.

"मग फोटो तुम्हीच काढलाय ना मॅडम?"

चूक माझीच होती, नाही कशाला म्हणू? तरी मी भांडले. म्हटलं, भिंतींच्या रकान्यात माती लिहिलंय, ते तरी वाचा.

"लिहिलेलं कोण वाचतंय? फोटो बघतात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अख्खं गाव उन्हातान्हात पायाखाली घातलं, बायाबापड्यांना किती शिकलात आणि काय काम करता म्हणून विचारत बसले, ते कुणी वाचणारच नव्हतं! मग विचारता कशाला?

माझा आवाज चढला तसा तो नरमला. फेरतपासणीला एकदा संधी आहे म्हणाला. "या वेळी साधी साडी नेसायला सांगा. आणि घर फार नीटनेटकं नको. समजलं ना?"

न समजायला काय झालं? घर पाहिजे तर आहे ते घर नीट ठेवायचं नाही. पाहुणा येणार म्हणून अंगण सारवलं, ठेवणीतलं नेसलं, हा त्या बाईचा गुन्हा. जिची आब राखायची धडपड फोटोत दिसली तिला शिक्षा, आणि ज्याला लाज नाही त्याचं काम आधी.

दुसऱ्यांदा गेले तर पुन्हा अंगण सारवलेलं, पुन्हा मोरपंखी साडी, रांगोळी तर आधीपेक्षा मोठी. मी तिला बाबूचं म्हणणं सांगितलं. ती आत गेली आणि कामावरची साडी नेसून आली. केळीच्या चिकाचे डाग धुऊन जात नाहीत, ती साडी पुढून सगळी काळी पडलेली होती.

"रांगोळी पण पुसा," मी म्हणाले. दर वर्षी शाळेत रांगोळीची स्पर्धा घेणारी मी, माझ्याच तोंडानं. लेक पुस्तक घेऊन दारात उभी होती, ती वळून आत निघून गेली.

आईनं वाकून हातानं रांगोळी पुसली आणि पत्र्याजवळ जाऊन उभी राहिली. पदर सारखा करायला हात वर गेला, तो तिनं तसाच खाली घेतला.

"बघा म्याडम, आता दिसून राहिले का गरीब?"

टोचून नव्हती विचारत. या वेळी तरी फोटो बरोबर यावा, म्हणून विचारत होती.

मी हो म्हणाले, आणि बटण दाबलं.