हिरवं पेन

तुंगार्लीच्या अभ्यासिकेत तो रोज माझ्या समोर बसायचा. परदेशातून डॉक्टर होऊन आला होता, पण इथलं लायसन्स मिळवायची परीक्षा माझ्यासारखी त्याचीही बाकी होती. दर रविवारी सराव परीक्षेत नापास झाला की तो शांतपणे चष्मा पुसायचा आणि हिरवं पेन काढायचा. चुकलेल्या प्रश्नांवर "हे येत होतं, सिली मिस्टेक" म्हणत टिक करायचा आणि ते गुण स्वतःला परत देऊन टाकायचा. एवढा दयाळू परीक्षक मी दुसरा पाहिला नाही. मग पास झाल्याच्या आनंदात तो आम्हाला वडापाव खिलवायचा.

एकदा अभ्यासिका झाडणाऱ्या मावशी त्याच्यापाशी आल्या. "डाक्टर, सकाळधरनं छातीत लय जळजळतंय. डावा हातबी जड झालाय."

"ॲसिडिटी आहे. थंड दूध प्या," तो मान वर न करता म्हणाला.

मी मावशींना रिक्षात बसवून हॉस्पिटलात नेलं. हार्ट अटॅक निघाला. वेळेत पोचल्या म्हणून वाचल्या.

परत येऊन मी त्याला हे सांगितलं. त्याने शांतपणे चष्मा पुसला.

"अरे, हे येत होतं मला," तो म्हणाला आणि हिरवं पेन शोधू लागला.