किल्लीचा कॅमेरा

नांदेडचे माझे थोरले काका शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांच्याकडे हातात धरून सिनेमा काढायचा जुना कॅमेरा होता. बॅटरी नाही, वायर नाही. बाजूची किल्ली पिळायची आणि बटण दाबायचं, की आतल्या स्प्रिंगवर फिल्म सरकायची. मी लातूरच्या तंत्रनिकेतनात यंत्ररचना शिकवते. मागच्या वर्षी वर्गाला दाखवायला म्हणून तो मागून आणला. देताना काका एवढंच म्हणाले, "बाहेरून दाखव. झाकण उघडू नको."

आत धूळ जाईल म्हणून म्हणत असतील, असं मी धरून चालले.

वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, फिल्म पुढं ओढतं कोण?" मी झाकण उघडलं. दाताएवढा आकडा फिल्मच्या भोकात अडकतो, तिला एक घर खाली ओढतो आणि सुटतो, ते दाखवलं. आत फिल्म आहे हे कळल्यावरही थांबले नाही. तासभर कॅमेरा खिडकीच्या उजेडात उघडा होता. जुनी, कोरीच असेल, असं मी मनाला समजावलं.

परत देताना काकांनी विचारलं, "उघडला नाहीस ना?"

"नाही, काका."

त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि कपाटात ठेवला.

ते "नाही" मला टोचत राहिलं. काकांचे फोन मी टाळू लागले. चार महिन्यांनी, एका रविवारी, बसनं नांदेडला गेले आणि दारातच खरं सांगून टाकलं.

"माहीत हाय," काका म्हणाले. "किती फूट फिल्म झाली ते दाखवणारा काटा असतो. झाकण उघडलं की तो शून्यावर जातो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून वाट बघून राहिलो होतो."

फिल्मवर काकू होत्या. आजारी पडून गेल्या त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात, गच्चीवर कुरडया घालताना. धुवायला पाठवली आणि टपालात हरवली तर, या भीतीनं काकांनी ती इतकी वर्षं आतच ठेवली होती.

अशा फिल्मा धुणारा एक जण मी पुण्यात शोधला. रिळाच्या वरच्या वेढ्यांपासून बहुतेक सगळी उजेडानं पांढरी पडली होती. वाचले अगदी आतल्या वेढ्यांतले सहा-सात सेकंद. काकूंचा चिकानं भरलेला हात "नको, नको" करत पुढं येतो, बस.

काकांनी माझ्या मोबाइलवर ते दोनदा पाहिलं.

"याच्यानंतर ती हसली होती," ते म्हणाले. "ते वरच्या वेढ्यांत असंल."

"हो, काका."

ते चहा ठेवायला आत गेले. मला त्यांच्यामागं जाववेना.