वहीचं विसर्जन

चौथ्या दिवशी आचार्यांनी जाहीर केलं, की उद्या सकाळी सगळ्यांनी राजा घाटावर जायचं आणि शिबिरात लिहिलेलं सारं गंगेत सोडून द्यायचं. धरून ठेवायचं नाही, हाच शेवटचा धडा. मी मनात म्हटलं, सोडतंय माझं खेटर.

सारनाथजवळच्या एका बागेत हे पाच दिवसांचं शिबिर होतं. पहाटे डोळे मिटून बसायचं आणि आत येणारा-जाणारा श्वास बघायचा. मग घंटा वाजली की वही उघडायची आणि पेन न थांबवता, जे येईल ते लिहायचं. बोलणं बंद. शिबिरात माझं नाव मुलीनं घातलं होतं. आजी गेल्यापासून तू फार चिडतेस, म्हणाली, तेही हिंदीत. चिडते तर चिडते. पण गेले.

पहिल्या दिवशी श्वास कुठला, नुसते गुडघे जाणवले. दुसऱ्या दिवशी पेन मराठीत चालायला लागलं आणि मी चकितच झाले. आमच्या कित्येक पिढ्या काशीतल्या. मराठी आम्ही घरात बोलतो, लिहीत कुणी नाही. रेल्वेच्या ऑफिसात तीस वर्षं मी हिंदीतच कागद रंगवले. मराठी बोलायला एक आई उरली होती. ती गेली आणि तेही खतम. आता वहीत ती भराभर बोलत होती. 'पानावर बसलेल्या माणसाला मीठ मागायला लावतेस?' 'भात करपला तर गॅसला नावं ठेवू नकोस, नाचता येईना अंगण वाकडं.' मी हसत होते आणि लिहीत होते. तिचा आवाज माझ्याकडे दुसरीकडे कुठेच नाही. ना टेप, ना फोनमध्ये.

तिसऱ्या दिवशी मी कुणालाही न सांगितलेलं बाहेर आलं. हॉस्पिटलात शेवटच्या दुपारी आई माझा हात धरून मोठमोठ्यानं मराठीत काहीतरी सांगत होती. शेजारच्या खाटेवरची माणसं वळून बघायला लागली. डॉक्टरही थबकला. मला लाज वाटली. मी म्हटलं, "आई, हिंदीत बोल ना." ती गप्प झाली. थोड्या वेळानं मला, स्वतःच्या मुलीला, म्हणाली, "थोडा पानी दीजिए." परक्या बाईला म्हणावं तसं. संध्याकाळी ती गेली. काय सांगत होती ते ऐकायचं राहिलंच.

पाचव्या दिवशी घाटावर एकेकानं पानं फाडून पाण्यात सोडली. काही डोळे पुसत होते, काही फोटो काढत होते. माझी पाळी आली. आचार्य हळू आवाजात म्हणाले, "छोड दीजिए. हल्की हो जाएँगी."

मी हिंदीत म्हटलं, माझे वडील याज्ञिक होते. आमच्याकडे उत्तरपूजा झाल्याशिवाय गणपती जागचा हलवत नाहीत, विसर्जन तर लांबच. हे अजून कुणी ऐकलेलंसुद्धा नाही. आधी ऐका, मग पाण्याचं बघू.

माणूस भला होता. पायरीवर बसला. त्याच्यामागोमाग बाकीचेही बसले. मी चौदा पानं मराठीत वाचली. एकालाही कळत नव्हतं, पण उठलं कुणी नाही. हॉस्पिटलच्या पानावर मला रडू फुटलं. पदरानं नाक पुसलं आणि शेवटपर्यंत वाचलं.

आचार्य म्हणाले, "अब पूजा हो गई." आणि त्यांनी हात पुढे केला.

घ्या. माझ्याच शास्त्रात मी अडकले होते. याज्ञिकाच्या मुलीला दुसरं काय होणार? नियमानं ते बरोबर होते, हे मला तेव्हाही कळत होतं. पण वही मी पोटाशी घट्ट धरली आणि मराठीतच म्हटलं, शास्त्र गेलं खड्ड्यात, देणार नाही.

त्यांनी शांतपणे विचारलं, हे दुःख काय जन्मभर उचलून फिरणार?

हो, फिरणार. मला हलकं व्हायचंच नाही. पुढचं मात्र त्यांना नीट कळावं म्हणून मी मुद्दाम हिंदीत सांगितलं. आईला मी एकदा गप्प केलंय. दुसऱ्यांदा करणार नाही.