बोटीवर मिलिंद जे बोलला

ईदच्या सुट्टीला चार दिवसांची रजा जोडून आम्ही नॉर्वेच्या पार उत्तरेला गेलो होतो. फोटो टाकले नाहीत, म्हणून बऱ्याच जणांनी विचारलं... आज सांगते.

सहा दिवस एका बोटीवरच राहायचं, तिथेच झोपायचं, तिथेच जेवायचं आणि दिवसभर गळ टाकून मासे पकडायचे, अशी ती ट्रिप. ही हौस माझी नाही, माझ्या नवऱ्याची, मिलिंदची. दुबईत आल्यापासून सोळा वर्षं तो सुट्टीच्या दिवशी पहाटे फुजैराहच्या समुद्रावर जायचा आणि दुपारी शेरी नाहीतर हमूर मासा घेऊन घरी यायचा. थंड समुद्रातला मोठा कॉड मासा एकदा तरी पकडायचा, हे त्याचं जुनं स्वप्न.

गेल्या वर्षी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला. मिलिंद बावन्न वर्षांचा आहे... "जे करायचं मनात आहे ते आताच करून घ्या," असंही डॉक्टर म्हणाले.

आम्ही कुणालाच सांगितलं नाही. त्याच्या ऑफिसात नाही, पुण्याला दिरांना नाही, आमच्या वीस वर्षांच्या सानिकालाही नाही. ती शारजात हॉस्टेलवर असते, शनिवार-रविवार घरी येते... मी ठरवलं, तिची परीक्षा होऊ दे. मग पुढची परीक्षा होऊ दे.

आम्ही राहतो त्या सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या ग्रुपमध्ये कुणी विचारलं, की मीच पटकन उत्तर द्यायचे. स्ट्रेस आहे, झोप झाली नाही, जिममध्ये हात दुखावला. त्याचा चहाचा कप मी अर्धाच भरायचे. हळूहळू त्याने त्याच्या फिशिंगच्या मित्रांबरोबर जाणंही बंद केलं. म्हणून या ट्रिपला मी गेले... मला तर साधी अबूधाबीची क्रूझही लागते.

बोटीवर आम्ही सहा पाहुणे होतो. कॅप्टन मारित नावाची साठीची बाई, स्वयंपाकाला तिचा नवरा. चारही बाजूंना बर्फाचे डोंगर, पाणी शाईसारखं काळं आणि वारा असा, की डोळ्यांतून आपोआप पाणी यायचं.

पहिले दोन दिवस मी मिलिंदची सावली होऊन राहिले. त्याच्या जॅकेटची चेन लाव, गळ बांधून दे, बशी धर. नाश्त्याच्या वेळी त्याच्या हातातला चमचा बशीवर वाजत होता. समोर बसलेल्या पोलंडच्या एका गृहस्थांनी हसत विचारलं, "कोल्ड?" मी लगेच म्हटलं, "येस, वी आर फ्रॉम दुबई!" सगळे हसले. मिलिंद हसला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या गळाला काहीतरी मोठं लागलं. रॉड इतका वाकला, की टोक पाण्यात गेलं. त्याचा हात जोरात थरथरत होता... मी धावत जाऊन रॉड धरला.

मारित मागून आली आणि माझ्या हातावर तिने हात ठेवला. "इज इट युअर फिश?" एवढंच विचारलं. आवाजात राग नव्हता. मी रॉड सोडला.

पुढची वीस मिनिटं बघवत नव्हती. तो थांबायचा, दम घ्यायचा, पुन्हा रीळ फिरवायचा. एकदा सगळी दोरी परत गेली, मला वाटलं खलास... पण मासा वर आला. पिवळसर, ठिपक्यांचा कॉड, एवढा मोठा, की मारितच्या नवऱ्याने हूक लावून दोन्ही हातांनी तो आत ओढला.

मिलिंद तिथेच डेकवर बसला. आता दोन्ही हात थरथरत होते आणि सगळे बघत होते. पोलंडचे गृहस्थ जवळ आले, त्यांनी पुन्हा विचारलं, "कोल्ड?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो म्हणाला, "नो. पार्किन्सन्स."

हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. आम्ही घरातही "ते" म्हणायचो.

ते गृहस्थ त्याच्या शेजारी खाली बसले. त्यांच्या आईला होता. कोणती गोळी, किती वाजता, झोप लागते का... दोघं तासभर बोलत राहिले. मी कठड्याला धरून उभी होते आणि मला रडू येत होतं. बरंही वाटत होतं आणि, खरं सांगते, थोडा रागही आला होता... की जे माझ्याशी बोलला नाही, ते एका परक्या माणसाशी बोलतोय. मग वाटलं, मी त्याला बोलू कुठे दिलं?

संध्याकाळी बोट एका छोट्या बंदराला लागली, नेटवर्क आलं. त्याने सानिकाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "बाळा, मला तुला एक सांगायचंय..." सगळं सांगितलं, एका दमात.

ती म्हणाली, "आय नो, बाबा. सिन्स लास्ट समर."

"मग बोलली का नाहीस?"

"आई वॉज ट्राइंग सो हार्ड टू हाइड इट... आय थॉट शी नीडेड दॅट."

मी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला. पोरगी पलीकडून नुसती "इट्स ओके, आई" म्हणत राहिली.

परत आल्यावर मिलिंदने ऑफिसात सांगितलं, पुण्याला फोन केला. पुढे काय, ते आम्हाला माहीत नाही... इन्शाल्ला बघू. त्या पोलंडच्या गृहस्थांचे आणि मारितचे आभार मात्र मला धड मानताही आले नाहीत.

ही पोस्ट त्याला वाचून दाखवली, "टाक" म्हणाला. आता कुठे भेटलात आणि तब्येत विचारावीशी वाटली, तर प्लीज मला नका विचारू. तो शेजारीच उभा असेल... त्यालाच विचारा.