अपाकुकीचा माड

वासेमाथाने नुकुलेवू बेटावर कधी पाऊल ठेवलं नव्हतं, पण त्या बेटावरच्या रिसॉर्टच्या चादरी मात्र सव्वीस वर्षं धुतल्या. रोज सकाळी होडीतून गाठोडी यायची आणि इकडच्या किनाऱ्यावरच्या धुलाईघरात ती सोडायची. चादरी बघून ती सोबतच्या बायकांना पाहुण्यांचं सगळं सांगायची. "बाराव्या खोलीतली दोघं भांडलीत गं, एक जण खुर्चीत झोपलाय." गाठोडं झटकलं की पांढरी बारीक वाळू खाली पडे. ती मूठभर वाळू कागदात बांधून ती घरी न्यायची, नवऱ्यासाठी.

नवरा अपाकुकी त्याच बेटावर जन्मला. त्याची नाळ तिथे पुरली आणि वर मोड आलेला नारळ लावला, सगळ्या पोरांचा लावतात तसा. तो अकरा वर्षांचा होता तेव्हा बेट भाड्याने गेलं. गाव उठून इकडे आलं, माड तिकडेच राहिला. पुढे तिथे मोठ्या लोकांचं रिसॉर्ट झालं. त्या वाळूत पाहुण्यांनीच फिरायचं, नोकरांनी मागच्या धक्क्यावरून यायचं नि तिथूनच परत जायचं.

मग साखरेच्या आजाराने अपाकुकीच्या पायाची दोन बोटं नेली, पाठोपाठ डावा डोळा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उजवा तीनेक वर्षं टिकेल, नीट खाल्लंत तर. घरी येताना बसमध्ये तो एवढंच बोलला, "एकदा माड बघितला असता."

"बघशील. पाहुणा होऊन बघशील," वासेमाथा म्हणाली.

झालं, त्या दिवसापासून साबणाच्या खोक्याच्या पाठीवर बेत सुरू झाला. फेब्रुवारीत वादळांच्या भीतीने पाहुणे येत नाहीत, तेव्हा इथल्या माणसांना निम्म्या दरात खोली मिळते. एका रात्रीचे अकराशे डॉलर. होडीचे दोघांचे एकशेचाळीस. रात्रीचं जेवण माणशी पंच्याण्णव.

"जेवण काट," अपाकुकी म्हणाला. "कसावा उकडून नेऊ, दार लावून खाऊ."

"आणि वास सुटला तर?"

"म्हणायचं, म्हाताऱ्याचं औषध आहे."

"सकाळची न्याहारी फुकट आहे. दोन दिवसांचं खाऊन घे तेव्हा." तिने दरपत्रकावर बोट फिरवलं. "शहाळं अठरा डॉलर."

"माझ्या माडाचं शहाळं मलाच अठरा डॉलरला?"

"एक घेऊ. दोघांत."

दोन वर्षं ती धुलाईघरातून आली की चटया विणायची. पैसे घरात ठेवायची सोय नव्हती. नात्यातलं कुणी दारात बसून 'केरेकेरे' म्हणालं की मागेल ते द्यावंच लागतं, आणि गावात सगळेच नात्यातले. म्हणून पैसे राहायचे नात्याबाहेरच्या शिवरतीच्या दुकानात, बिस्किटांच्या डब्यात. घरात पैसा नाही असं म्हटलं तर ते खोटं होत नाही.

नोव्हेंबरात अपाकुकीच्या बहिणीचा मुलगा सितिवेनी आला. दारात मांडी घालून बसला, मान खाली. त्याच्या होडीचं इंजिन बसलं होतं. जुनं एक मिळत होतं, तेराशेला.

"मामा, केरेकेरे."

वासेमाथा आतूनच म्हणाली, "घरात दमडी नाही रे बाबा. हवे तर डबे उघडून बघ."

अपाकुकी म्हणाला, "घरात नाहीत. शिवरतीच्या दुकानात आहेत."

भाचा गेल्यावर तिने भांडी आपटली, चटई आपटली. "भाच्याचा हक्क, भाच्याचा हक्क! आणि तुझ्या डोळ्याचा हक्क?"

"बहिणीचं लेकरू माझ्या दारातून रिकामं गेलं असतं, तर त्या बेटावर मी कोणत्या तोंडाने उभा राहिलो असतो?"

शिवरतीने डबा रिकामा करून दिला. "बाई, मला सांगितलं असतंस तर मी म्हटलं असतं, उंदरांनी खाल्ले."

आठवड्याने सितिवेनी ते इंजिन लावून आला. "मामा, चल. भरती आहे, बेटापुढच्या खडकापर्यंत जाऊ. तिथून किनारा स्वच्छ दिसतो."

अपाकुकी काठी घेऊन उठलासुद्धा. वासेमाथा दारात आडवी आली. "चोरासारखं लांबून बघायचं नाही. समोरच्या धक्क्यावर उतरायचं. पाहुण्यांना गाणं म्हणतात, हार घालतात, तसा तुला घातला पाहिजे. मी परत साठवते. बस खाली."

तो हसला आणि खाली बसला.

ऑगस्टमध्ये उजवा डोळा गेला. तीन दिवसांत गेला. तिच्या डब्यात तेव्हा दोनशे साठ डॉलर होते.

पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर तिनेच सितिवेनीच्या घरी जाऊन हाक मारली. दोघांनी धरून अपाकुकीला होडीत बसवलं. इंजिन चांगलं होतं, दोरीच्या एका हिसक्यात सुरू झालं. खडकाजवळ सितिवेनीने ते बंद केलं.

वासेमाथाने बेट पहिल्यांदा एवढ्या जवळून बघितलं. माड होते, पण सगळे एका मापाचे, एका ओळीत, सरळसोट. एकालाही नारळ नव्हता. पाहुण्यांच्या डोक्यात पडू नयेत म्हणून कोवळेच काढून टाकतात तिथे. अपाकुकीचा माड तर पुरुषभर उंचीवर समुद्राकडे वाकलेला होता. असं त्याने शंभरदा सांगितलं होतं. तसा वाकलेला एकही दिसत नव्हता.

"दिसला?" त्याने विचारलं.

"दिसला."

"वाकलेलाच आहे?"

"वाकलाय. तुझ्यासारखाच म्हातारा झालाय."

सितिवेनीने मामीकडे बघितलं आणि मान पाण्याकडे फिरवली.

"नारळ धरलेत का?"

"लगडलाय नुसता."

अपाकुकीने मनात काहीतरी मोजलं. "अठरा-अठरा डॉलरचे सगळे. श्रीमंत आहे गं मी." तो हसला, आणि तिलाही हसावं लागलं.

मग तो म्हणाला, "मला त्याच्याकडे तोंड करून बसव."

होडी हलत होती. वासेमाथाने त्याचे दोन्ही खांदे धरले, ओळीतला एक माड मनाशी ठरवला, आणि त्याला त्या बाजूला वळवलं.